कुलूप, किल्ली आणि कॅमेरा
(व्यापारी जागेतील देखरेख आणि प्रवेश-नियंत्रण : चेन्नईच्या जॉर्ज टाउनच्या निमित्ताने)

चेन्नई सेंट्रल रेल्वे स्थानकाच्या कुशीतून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यास लोक आजही 'वॉल टॅक्स रोड' म्हणतात. या नावामागे एका तटाची आणि एका कराची हकीकत आहे. १७५८-५९ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने मद्रासच्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा किल्ल्याबाहेरील 'ब्लॅक टाउन' ही व्यापारी वस्ती त्याच्या सैन्याच्या हाती सापडली व लुटली गेली. पुढे हैदर अलीच्या स्वाऱ्यांची धास्ती निर्माण झाली. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने वस्तीभोवती तट बांधावयास घेतला आणि १७७० नंतरच्या एक-दोन वर्षांत तो पुरा केला. खर्च रहिवाशांकडून कररूपाने वसूल करावयाचा, असा कंपनीचा मानस होता. परंतु तो कर कधी प्रत्यक्षात वसूल झाला नाही. तट गेला, त्याचा एक लहानसा तुकडा उत्तरेकडे शिल्लक राहिला, वेशींपैकी 'एलिफंट गेट'चे नाव राहिले आणि न भरलेल्या कराचे नाव रस्त्याला चिकटले. व्यापारी वस्तीच्या संरक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा वाद या गावात इतका जुना आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पंचम जॉर्ज यांच्या नावावरून या भागास जॉर्ज टाउन हे नाव मिळाले. पॅरीज कॉर्नरपासून सुरू होणारा नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग, कापडाची गोडाऊन स्ट्रीट, कागदाची अँडरसन स्ट्रीट, टांकसाळीवरून नाव पडलेली मिंट स्ट्रीट आणि सावकारांची म्हणून सावकारपेठ अशी या वस्तीची रचना आहे. मराठी माणसास ही वस्ती अपरिचित नाही. तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिरात १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी दर्शन घेतले, अशी तेथील परंपरा आहे व मराठी प्रवासी ती आवर्जून ऐकून येतात. मात्र आजच्या मराठी माणसाचा या भागाशी असलेला संबंध अधिक व्यावहारिक आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशातील बहुतेक सराफ बाजारांत पोहोचले, त्यात सावकारपेठही आली. मोड वितळविणे, टंच काढणे, सोने-चांदी शुद्ध करून लगड देणे हा त्यांचा धंदा. अशा दुकानांत सकाळी आलेले सोने दुकानदाराचे स्वतःचे नसते. ते दुसऱ्याने विश्वासाने दिलेले असते. सायंकाळी ते परत द्यावयाचे असते. त्यामुळे येथे चोरी झाली तर मालाबरोबर वीस-वीस वर्षे जोडलेली पतही एका रात्रीत जाते, व पतीचा विमा उतरविणारी कंपनी अद्याप निघालेली नाही.

बँकेचाही यात हितसंबंध आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कॅश क्रेडिट खात्यावर तारण असलेला माल दुकानात वा गोदामात ग्राहकाच्याच ताब्यात असतो. तो सुरक्षित राहणे ही उभयतांची गरज आहे. शाखेचा अधिकारी मालसाठ्याच्या तपासणीसाठी येतो, तेव्हा त्याची नजर कुलपाकडे व खिडकीच्या गजांकडेही जाते, ती याच कारणाने. प्रस्तुत लेखातील बऱ्याचशा गोष्टी अशा तपासण्यांच्या वेळी ग्राहकांशी झालेल्या बोलण्यातून सुचल्या आहेत.

इमारतीचा स्वभाव

जॉर्ज टाउनमधील जुनी इमारत अरुंद तोंडाची व खोल असते. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर कचेरी, त्यावर कारागिरांची कामाची जागा, त्याहीवर कोणाचे गोदाम, आणि या सर्वांना मिळून एकच जिना. जिन्याचा दरवाजा रात्री लावण्याची जबाबदारी सर्वांची, म्हणजेच कोणाचीही नाही. गच्च्या एकमेकींना लागून असल्यामुळे एका घरातून वर गेलेला मनुष्य चार घरे ओलांडून पाचव्या घराच्या जिन्याने खाली उतरू शकतो. दिवसा हातगाड्या, हमाल, दलाल, चहा देणारी मुले, वीजवाले, गिऱ्हाईक यांची ये-जा अखंड चालू असते. रात्री नऊनंतर तीच गल्ली निर्मनुष्य होते.

अशा जागेस नव्या व्यापारी संकुलाचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. संकुलात एक फाटक, एक पहारेकरी व एक नोंदवही असते. येथे दुकानदाराने प्रथम एक साधे काम करावे. कागदावर आपल्या जागेचा नकाशा काढावा व मनुष्य आत येऊ शकेल अशी प्रत्येक वाट त्यावर दाखवावी. शटर, जिना, गच्ची, मागची मोरी, उजेडासाठी ठेवलेला झरोका, वातानुकूलन यंत्रासाठी पाडलेले भोक, आणि शेजारची भिंत यांपैकी काहीही सुटू नये. बहुसंख्य दुकानदार शटरवर तीन कुलपे लावतात आणि भिंतीचा विचारच करीत नाहीत.

भिंतीचा विचार का करावयाचा, हे तमिळनाडूतील अलीकडच्या घटना सांगतात. २ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे तिरुच्चिरापल्ली येथील एका मोठ्या पेढीच्या भिंतीस भोक पाडून मुखवटे घातलेले दोघे आत शिरले आणि सुमारे तेरा कोटी रुपयांचे दागिने घेऊन गेले. माग काढणाऱ्या श्वानांना चकविण्यासाठी त्यांनी मिरचीपूडही टाकली होती. डिसेंबर २०२१ मध्ये वेल्लोर येथे तसेच घडले. भिंतीतून भोक, सुमारे पंधरा किलो सोने लंपास, आणि आतील कॅमेऱ्यांवर रंगाचा फवारा. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेन्नईच्याच पेरांबूर भागात शटर कापून एका सराफी दुकानातून सुमारे नऊ किलो सोने नेण्यात आले. तिन्ही ठिकाणी कुलूप शाबूत असते तरी काही बिघडले नसते. चोराला कुलपाशी कर्तव्यच नव्हते.

चौथी घटना वेगळ्या जातीची आहे. १३ ऑगस्ट २०२२ रोजी चेन्नईच्या अरुम्बाक्कम भागातील सुवर्णकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या शाखेतून भरदिवसा सुमारे एकतीस किलो सोने लुटले गेले. पहारेकऱ्यास गुंगीचे औषध घातलेले पेय देण्यात आले होते व कर्मचाऱ्यांना बांधून कोंडण्यात आले होते. पोलिसांनी मुख्य आरोपी म्हणून ज्यास पकडले तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेतील कर्मचारी निघाला. सोने बहुतांशी परत मिळाले. भिंत फोडणारा व ओळखीने आत येणारा असे हे दोन प्रकार. पहिल्यासाठी देखरेख हवी, दुसऱ्यासाठी प्रवेश-नियंत्रण. एकाच्या खर्चात दुसऱ्याचे काम होत नाही.

कॅमेरा काय पाहतो, काय पाहत नाही

चेन्नई पोलिसांनी २०१७ नंतर 'मून्राम कण' म्हणजे 'तिसरा डोळा' या नावाने कॅमेऱ्यांची मोहीम चालविली. तत्कालीन पोलीस आयुक्त ए. के. विश्वनाथन यांच्या कारकिर्दीत व्यापारी व रहिवासी यांच्या सहभागातून रस्तोरस्ती कॅमेरे लागले, व अनेक गुन्ह्यांचा छडा त्यामुळे लागला. त्याआधीच, २०१२ मध्ये, तमिळनाडू सरकारने शहरांतील सार्वजनिक वापराच्या इमारतींत सीसीटीव्ही बसविण्यासंबंधी नियम केले होते. आपल्या इमारतीस ते कितपत लागू आहेत, हे महानगरपालिकेच्या रॉयपुरम विभागीय कार्यालयात विचारून घ्यावे. जॉर्ज टाउन त्याच विभागात येते.

कॅमेरा लावला की काम संपले, असा मात्र समज आहे. छताच्या कोपऱ्यात, शक्य तितक्या उंचावर लावलेला कॅमेरा संपूर्ण दुकान दाखवितो आणि कोणाचाही चेहरा दाखवीत नाही. डोक्याची टाळू दिसते. या विषयावरील आंतरराष्ट्रीय मानकाचा हिशेब सोपा आहे : अनोळखी माणसाचा चेहरा निश्चित ओळखावयाचा असेल तर चित्रातील प्रत्येक मीटर रुंदीस निदान २५० ठिपके, म्हणजे पिक्सेल, मिळाले पाहिजेत, केवळ 'कोणीतरी आहे' एवढे कळण्यास २५ पुरतात. सर्वसाधारण २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. म्हणजे त्याच्या चौकटीत साडेसात मीटरपेक्षा अधिक रुंदीचा देखावा घेतला की चेहरा ओळखण्याची शाश्वती गेली. म्हणून प्रत्येक वाटेवर एक कॅमेरा असा हवा की ज्याच्या चौकटीत फक्त दरवाजा मावेल आणि जो माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीहून फार वर नसेल. बाकीचे कॅमेरे खुशाल संपूर्ण दुकान पाहोत.

दुसरी अडचण उजेडाची. गल्लीत लख्ख ऊन आणि दुकान अंधारे, अशा वेळी दारातून आत येणारा मनुष्य चित्रात काळी आकृती बनतो. यासाठी 'वाइड डायनॅमिक रेंज' ही सोय असलेला कॅमेरा दारासमोर लावावा. तिसरी अडचण चेन्नईची स्वतःची आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खारी हवा जोडण्यांना गंज आणते. गलाईच्या भट्टीघरात तर तेजाबाची वाफ असते. तेथे उघड्या तारेचा साधा कॅमेरा वर्षभरात आंधळा होतो. भट्टीघरातील कॅमेरा बंदिस्त काचेच्या आवरणात, धुराड्यापासून दूर आणि दर पंधरवड्यास काच पुसली जाईल असा असावा.

ध्वनिचित्रण साठविणारे यंत्र, म्हणजे डीव्हीआर किंवा एनव्हीआर, हा या सर्व व्यवस्थेचा खजिना होय. बहुतेक दुकानांत तो गल्ल्याखाली, पडद्याशेजारी, सर्वांना दिसेल असा ठेवलेला असतो. सराईत चोर जाताना तोही उचलून नेतो. मग सोळा कॅमेरे असून पुरावा शून्य. हे यंत्र वेगळ्या कपाटात, कुलपाखाली व जमिनीपासून उंच ठेवावे. डिसेंबर २०१५ चा पूर व डिसेंबर २०२३ मधील 'मिचाँग' चक्रीवादळाचा पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना उंचीचे महत्त्व सांगावयास नको. निदान दाराच्या कॅमेऱ्याचे चित्रण तरी इंटरनेटवरून दुसऱ्या जागी साठविले जावे. यंत्रास व इंटरनेटच्या पेटीस मिळून यूपीएस असावा. कॅमेऱ्यास बॅटरी आहे आणि राउटरला नाही, असे दृश्य वारंवार आढळते.

किती दिवसांचे चित्रण ठेवावे? हिशेब मांडून पाहू. आजच्या पद्धतीने दाबून साठविलेले २ मेगापिक्सेलचे चित्रण सेकंदास सुमारे २ मेगाबिट जागा घेते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्यास दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट, आठ कॅमेऱ्यांस सुमारे १७३ गिगाबाइट, आणि तीस दिवसांस सुमारे ५.२ टेराबाइट. दुकानात १ टेराबाइटची डिस्क असेल, तर सहाव्या दिवशीच पहिल्या दिवसाचे चित्रण पुसले जाते. मालातील तूट महिनाअखेरीच्या मेळात उघडकीस येते. तोपर्यंत पाहावयास काही उरलेले नसते. तुलनेसाठी सांगावयाचे तर, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सेफ डिपॉझिट लॉकरसंबंधी जे निर्देश दिले त्यांनुसार लॉकर विभागाच्या प्रवेशद्वाराचे चित्रण बँकांना किमान १८० दिवस जतन करावे लागते. दुकानदाराने सर्व कॅमेऱ्यांसाठी इतके करण्याचे कारण नाही. पण आपला मेळ ज्या मुदतीने लागतो, तिच्या दीडपट दिवसांचे चित्रण ठेवणे शहाणपणाचे.

यंत्राचे घड्याळ ही क्षुल्लक वाटणारी बाब आहे. कित्येक दुकानांतील चित्रणावर दोन वर्षांपूर्वीची तारीख किंवा वीस मिनिटे पुढची वेळ दिसते. उद्या तपासात शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याशी मेळ घालावयाचा झाल्यास सगळा घोळ होतो. दर सोमवारी दुकान उघडताना घड्याळ पाहावे, आणि त्याच वेळी काल रात्रीचे एखादे मिनिट लावून पाहावे. कॅमेरा चालू असल्याचा दिवा लागतो याचा अर्थ चित्रण होते आहे असा नव्हे.

आता मुख्य मुद्दा. कॅमेरा घडलेले सांगतो; घडत असताना सांगत नाही. वेल्लोरच्या दुकानात रंगाचा फवारा मारणारा मुखवटा कॅमेऱ्याने व्यवस्थित टिपला होता, परंतु त्या क्षणी ते पाहणारे कोणी नव्हते. रात्रभर पडद्याकडे टक लावून बसणे माणसास शक्य नाही. थोड्याच वेळात डोळे उघडे राहतात आणि लक्ष उडते. म्हणून घंटा वाजविणारी साधने हवीत. शटर व दारास चुंबकीय संवेदक, आतल्या मोकळ्या जागेत हालचाल ओळखणारा संवेदक, आणि सामाईक भिंत व तिजोरी यांस कंप ओळखणारा संवेदक लावावा. छिन्नी-हातोडा किंवा ड्रिल भिंतीस लागताच, भोक पडण्यापूर्वीच, हा शेवटचा संवेदक बोलतो. कॅमेऱ्यांच्या संख्येत दोनची काटछाट करून भिंतीस कंप-संवेदक लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्याची काच झाकली वा तार तुटली की सूचना देणारी सोयही बहुतेक नव्या यंत्रांत असते. ती सुरू करावयाचे राहून गेलेले असते इतकेच.

घंटा वाजली की ती कोठे वाजावी? रिकाम्या गल्लीत भोंगा वाजून उपयोग नाही. सूचना मोबाइलच्या जाळ्यातून मालकास, भागीदारास व जवळ राहणाऱ्या एका विश्वासू माणसास गेली पाहिजे. बँका आपल्या एटीएमसाठी दूरस्थ देखरेख केंद्रे वापरतात. तेथील कर्मचारी सूचना येताच चित्र पाहतो, ध्वनिक्षेपकावरून आतल्या माणसास हटकतो व पोलिसांस कळवितो. हीच सेवा आता दुकानांसही मिळते. एलिफंट गेट व फ्लॉवर बाजार पोलीस ठाण्यांचे क्रमांक तसेच ११२ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. घाबरलेल्या माणसास पाठ असलेले क्रमांकही आठवत नाहीत.

कॅमेरा विकत घेताना एक नवी तरतूद ध्यानात ठेवावी. इंटरनेटला जोडलेला कॅमेरा परक्याने बाहेरून उघडून पाहू नये, यासाठी केंद्र सरकारने सुरक्षेच्या आवश्यक कसोट्या ठरविल्या असून ९ एप्रिल २०२५ पासून त्यांची पूर्तता न करणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या विक्रीस मनाई आहे. तेव्हा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहूनच खरेदी करावी, आणि बसविणारा कारागीर निघून गेल्यावर त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे किल्ली कुलपाशेजारी खिळ्यास टांगण्यासारखे आहे.

दोन किल्ल्यांचे शास्त्र

प्रवेश-नियंत्रण या भारदस्त शब्दाचा अर्थ इतकाच : कोण, कोठपर्यंत, केव्हा जाऊ शकतो हे आधी ठरविणे आणि कोण गेला त्याची नोंद राहणे. बँकांत हे काम यंत्रे येण्यापूर्वीपासून चालत आले आहे. स्ट्राँग रूमची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, व एकाने दुसऱ्याची किल्ली एक दिवसासाठीही सही केल्याविना घ्यावयाची नसते. यास संयुक्त ताबा म्हणतात. यात कोणावर अविश्वास नाही. उलट, काही कमी-जास्त झाले तर एकट्या माणसावर आळ येऊ नये, ही त्याची खरी सोय आहे. गावाकडून आणलेल्या भाच्याकडे वा पुतण्याकडे तिजोरीची एकुलती एक किल्ली सोपविताना 'घरचाच पोरगा आहे' असे म्हटले जाते. त्या पोरास मात्र संशयाच्या प्रसंगी सोडविणारी कोणतीही नोंद आपण ठेवलेली नसते. दोन किल्ल्यांची तिजोरी त्याच्याच हिताची आहे, हे त्यास समजावून सांगितले तर त्याला राग येत नाही.

किल्ल्यांची एक वही असावी. कोणत्या कुलपाच्या किती किल्ल्या, कोणाकडे, कधीपासून. कामगार सोडून गेला, भाडेकरू बदलला, किल्ली हरवली, यांपैकी काहीही झाले की कुलूपच बदलावे. कार्डावर चालणाऱ्या दरवाजाचा मोठा फायदा येथे आहे : गेलेल्या माणसाचे कार्ड दोन मिनिटांत रद्द होते, कुलूप बदलावे लागत नाही. मात्र ते रद्द करण्याची आठवण ठेवणारा एक माणूस नेमलेला असावा. कार्डे एकमेकांना दिली जातात, ही त्यातील उणीव. बोटांच्या ठशांवर चालणारे यंत्र ती दूर करते, पण आमच्या गलाई ग्राहकांचा अनुभव निराळा आहे. तेजाब, उष्णता व घासकाम यांनी कारागिराच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्र त्यास ओळखत नाही. मग सर्वांसाठी दरवाजा उघडाच ठेवला जातो. अशा जागी चेहरा ओळखणारे यंत्र किंवा कार्ड व गुप्त क्रमांक यांची जोडी बरी.

जागेचे थर पाडावेत. गिऱ्हाईक गल्ल्यापर्यंत, दलाल बसण्याच्या जागेपर्यंत, कारागीर भट्टीपर्यंत आणि तिजोरीपर्यंत केवळ दोघे. शक्य असल्यास दुकानास दोन दारे एकामागे एक अशी असावीत की पहिले लागल्याखेरीज दुसरे उघडत नाही. अनेक सराफी पेढ्यांत ही योजना दिसते. गलाईच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या सल्लागाराच्या ध्यानात येत नाही. भट्टीघरातील केर हाही माल आहे. झाडलोटीच्या मातीतून, मुशीच्या तुकड्यांतून, हात धुतलेल्या पाण्यातूनही सोने निघते. त्यामुळे केराची बादली कोण बाहेर नेतो व ती कोठे रिकामी होते, याची नोंद लगडीच्या नोंदीइतकीच महत्त्वाची.

ओळखपत्र दाखवून आत येणाऱ्यांचे काय? १९ मार्च १९८७ रोजी मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातील एका विख्यात सराफी पेढीवर सीबीआयचा 'छापा' पडला. छाप्यातील बहुतेक 'अधिकारी' वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून आदल्या दिवशी भरती झालेले तरुण होते. आपण खऱ्या कामावर आहोत अशीच त्यांची समजूत होती. म्होरक्याने पेढीत येताच पहिल्यांदा कॅमेरे बंद करविले, दूरध्वनी थांबविले, आणि दागिने भरून घेऊन तो नाहीसा झाला. पुढे या प्रकरणावर चित्रपटही निघाला. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जॉर्ज टाउनला लागून असलेल्या मन्नडी भागात एनआयएचे अधिकारी असल्याची बतावणी करून एका व्यापाऱ्याची रोकड लुटल्याचा गुन्हा नोंदविला गेला. खऱ्या अधिकाऱ्यास सहकार्य करणे आपले कर्तव्यच आहे. पण त्याने दाखविलेल्या कागदावरील क्रमांकावर नव्हे, तर स्वतः शोधलेल्या क्रमांकावर त्याच्या कार्यालयात विचारणा करण्यात आणि स्थानिक पोलीस ठाण्यास कळविण्यात कोणताही अवमान नाही. आणि कॅमेरे बंद करण्याची मागणी हीच धोक्याची घंटा समजावी.

बाहेर पडण्याची वाट

सुरक्षेच्या उत्साहात एक भयंकर चूक होते. रात्री कारागीर माळ्यावर झोपतात आणि मालक बाहेरून कुलूप लावून जातो. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागात पहाटे लागलेल्या आगीत कारखान्यातच झोपलेले चाळीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. अरुंद गल्ली, एकच जिना व अडविलेल्या वाटा यांमुळे त्यांना बाहेर पडता आले नाही. या वर्णनातील एकही शब्द जॉर्ज टाउनला परका नाही. भट्ट्या, गॅसची सिलिंडरे आणि लाकडी तुळयांची छपरे येथे जोडीला आहेत.

म्हणून विजेच्या कुलपाविषयी एवढे समजून घ्यावे की त्याच्या दोन जाती असतात. वीज जाताच उघडणारे एक, वीज जाताच बंद राहणारे दुसरे. माणसांच्या वाटेवर पहिल्या जातीचे, तिजोरीच्या खोलीस दुसऱ्या जातीचे कुलूप हवे. मात्र दुसऱ्या जातीचे कुलूपही आतून हाताने, किल्लीशिवाय उघडले पाहिजे. जेथे रात्री माणूस झोपतो, तेथे बाहेरून कुलूप लावणे समर्थनीय ठरत नाही, आत कितीही किमतीचा माल असो. माणसे दुसरीकडे झोपावीत किंवा माल दुसरीकडे ठेवावा. बँकेच्या लॉकरची सोय याच कामाची आहे.

कागदपत्रांची बाजू

विम्याची पॉलिसी कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा वाचावी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या प्रकरणात असे ठरविले की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या 'बळाचा वापर करून प्रवेश' अशी असेल, तर बळाच्या खुणेशिवाय झालेल्या चोरीची भरपाई मिळत नाही. नक्कल किल्लीने कुलूप उघडून झालेल्या चोरीत विमेदाराची अडचण काय होईल, हे यावरून समजते. सराफांसाठीच्या 'ज्वेलर्स ब्लॉक' पॉलिसीतही ज्यांच्याकडे माल सोपविला त्या नोकर वा दलालाने केलेला अपहार सामान्यतः वगळलेला असतो, आणि रात्री माल तिजोरीत असण्याची अट असते. नोकरांच्या अपहारासाठी 'फिडेलिटी' विमा वेगळा घ्यावा लागतो. दुसऱ्याचा, म्हणजे गिऱ्हाइकाने गाळण्यासाठी दिलेला, माल पॉलिसीत धरला आहे काय, हे गलाई व्यावसायिकाने लेखी विचारून घ्यावे. बँकेकडे तारण असलेल्या मालाच्या पॉलिसीवर बँकेचे नाव असते, त्यामुळे या कामी शाखेचे साहाय्य मागण्यात संकोच नसावा.

चित्रण पुरावा म्हणून न्यायालयात चालावयाचे तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात निर्णायकपणे गेला तो जालन्यातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा आधार घेण्यात आला होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच हजर करता येत नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की घटना घडल्यावर मोबाइलने पडद्याचे चित्र काढून पाठवू नये. यंत्रास हात न लावता पोलिसांना बोलवावे व डिस्क पंचनाम्यानेच द्यावी.

कामगारांचे चेहरे व ठसे साठविणारा मालक आता त्या माहितीचा जबाबदार धारकही ठरतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व त्याखालील, नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. येथे कॅमेरा आहे अशी पाटी तमिळ, हिंदी व मराठीत लावावी, कपडे बदलण्याच्या व झोपण्याच्या जागी कॅमेरा लावू नये, आणि सोडून गेलेल्या माणसाचा ठसा यंत्रातून पुसावा.

जिना कोणाचा?

राहता राहिला तो सामाईक जिना. आपल्या गाळ्यात सर्व व्यवस्था करूनही जिन्याचे फाटक रात्रभर उघडे असेल तर पहिला अडथळा गेलाच. घरमालक बहुधा दुसरीकडे राहतो व जुने भाडे इतके अल्प असते की तो खर्च करावयास राजी नसतो. अशा इमारतींत भाडेकरूंनी आपसांत लेखी करार केलेला बरा. त्यात चार गोष्टी याव्यात : फाटक कोण व किती वाजता बंद करणार, फाटकावरील कॅमेऱ्याचे चित्रण कोणाच्या गाळ्यात साठणार व मागितल्यास इतरांना किती वेळात दाखविणार, गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे, आणि खर्चाची वाटणी मजल्यावर की मालाच्या जोखमीवर. शेवटच्या मुद्द्यावरच बोलणी मोडतात. कागदाच्या व्यापाऱ्यास सोन्याच्या व्यापाऱ्याइतकी वर्गणी द्यावीशी वाटत नाही, व त्याचे म्हणणे गैर नाही. पहिल्या खर्चापैकी अर्धा समान व अर्धा जागेच्या क्षेत्रफळावर, आणि भिंतीचे संवेदक ज्याचे त्याने, अशी वाटणी सुचवून पाहावी. फाटक, कॅमेरा व वीज यांच्या मासिक खर्चासाठी इमारतीच्या नावे एक संयुक्त बचत खाते उघडले आणि दोघांच्या सहीने चालविले, तर पैशाचा हिशेब कोणाच्या खिशात राहत नाही. खाते उघडण्यास भाडेकरूंचा ठराव व दोघांची ओळखपत्रे आणावीत. बाकीचे काम शाखा करील.